चढती पिंपळी, उतरती पिंपळी

सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीमागे ज्याची नोकरी गेली, त्याला माणसांचे चेहरे कमी आणि हात जास्त आठवतात. खिडकीच ती एवढीशी. आधी केसपेपर आत येतो, मग हात, आणि माणूस वाकलाच तर अर्धा चेहरा. मी औषधनिर्माण अधिकारी होते. ऐकायला पद भारदस्त. लोक मला 'गोळ्यावाल्या मॅडम' म्हणायचे आणि तेच जास्त खरं होतं. नोकरीची शेवटची वर्षं अकोट-अंजनगावच्या पट्ट्यातल्या एका छोट्या दवाखान्यात गेली. आता निवृत्त होऊन अकोल्याला असते आणि सकाळी फिरायला जाते, तेव्हाही समोरून येणाऱ्याच्या चालीकडे आधी लक्ष जातं. असं का, ते पुढे येईलच.

माझा स्वभाव मुळात काळजीचा. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेले की परत येऊन कुलूप ओढून बघणारी मी. घरचे हसतात. या कामात तो स्वभाव उपयोगी पडला, असं मी माझं समाधान करून घेते. गोळ्या मोजून पाकिटात टाकणं एवढंच लोकांना दिसतं, पण खरं काम असतं विचारण्याचं. 'याशिवाय दुसरं काय चालू आहे?' आमच्याकडे याला ठरलेलं उत्तर आहे, "कायी नाई." मग आपण पाकीट हातातच धरून ठेवायचं. पाकीट मिळत नाही म्हटल्यावर माणूस बोलायला लागतो.

शुगरच्या गोळ्या नेणारे एक आजोबा होते. 'कायी नाई' म्हणून झाल्यावर त्यांनी हळूहळू सांगितलं, की सकाळी गुळवेलीचा काढा, मग कारल्याचा रस, दुपारी मेथीदाणे आणि रात्री जावयानं आणून दिलेली कसलीशी भुकटी.

"आजोबा, तुम्ही तर काहीच नाही म्हणालात."

"हे औषध थोडीच होय जी? हे तं घरचं हाय."

घरचं आहे म्हणजे औषध नाही, आणि औषध नाही म्हणजे दवाखान्यात सांगायचं कारण नाही. हा विचार मी इतक्या घरांत पाहिला की आजोबांवर चिडायचाही अधिकार मला उरला नाही. माझी स्वतःची आई तेच करायची.

खिडकीची आणखी एक रीत सांगायला हवी. काही गोळ्या मोठ्या आवाजात मागितल्या जातात. बीपीच्या, शुगरच्या, ॲसिडिटीच्या. त्यात थोडी ऐटसुद्धा असते. काही गोळ्या हळू आवाजात मागितल्या जातात. टीबीच्या, डोक्याच्या, फिटच्या. त्या मागणारी माणसं रांगेत मागच्याला मागच्याला पुढे सोडत राहतात आणि सगळे गेले की खिडकीशी येतात. त्यांच्याशी बोलताना माझाही आवाज आपोआप खाली यायचा.

रूपाली अशी शेवटी येणारी. शाळेत होती तेव्हापासून आईबरोबर फिटच्या गोळ्या न्यायला यायची. गोळ्या नियमित घेतल्यामुळे तिला कित्येक वर्षांत फिट आली नव्हती. मग जवळच्याच एका गावात तिचं लग्न झालं. नवरा नीलेश संत्र्याच्या हंगामात वरूडकडे पॅकिंगच्या कामाला जायचा. घरी सासू आणि ही. लग्नानंतर पहिल्यांदा आली तेव्हा गोळ्या घेऊन तिने त्या माझ्यासमोरच कॅल्शियमच्या रिकाम्या डबीत भरल्या.

"घरी सांगितलं नाहीस?"

"कोनाले नाई सांगतलं, मॅडम. यायले बी नाई." 'यायले' म्हणजे नवऱ्याला. "सांगतो जी. जरासं रुळू द्या मले."

मी तिला दर वेळी सांगायची की बाई, सांगून टाक. पण फार जोर करायला जीभ रेटायची नाही. त्याआधी एका मुलीच्या गोळ्या सासरी सापडल्या होत्या आणि ती महिन्याभरात माहेरी परत आली होती. तिची आई कितीतरी दिवस माझ्या खिडकीशी येऊन नुसती उभी राहायची. त्यामुळे रूपाली खिडकीशी आली की मला आनंदही व्हायचा आणि तिच्या मागे कोण उभं आहे तेही मी बघून घ्यायची.

तिची गोळी फेनिटॉइन नावाची. जुनी, स्वस्त आणि गुणाची. पण तिला एक खोड आहे. ठरावीक मापापर्यंत शरीर ती मुकाट्याने पचवतं. ते माप भरत आलं की थोडीशी वाढसुद्धा रक्तात एकदम चढते. भरत आलेल्या माठात वरून वाटीभर पाणी घातलं तरी सांडतं, तसं. कमी पडली तर फिट येते. जास्त झाली तर माणूस झोकांड्या खातो, बोबडं बोलतो, डोळ्यांची बुबुळं थरथरतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की हा पिऊन आलाय.

एका बाजाराच्या दिवशी रूपाली भिंतीला हात लावत लावत खिडकीपर्यंत आली. ती एकटी नव्हती. तिचा दंड धरून सासू, कांताबाई, सोबत होत्या. केसपेपरवर चक्कर आणि अशक्तपणा लिहिलेलं होतं, आणि त्यावरची औषधं. फिटचं नावही नव्हतं. कुठून असणार? सासू शेजारी उभी असताना ती डॉक्टरांना काय सांगणार होती?

"चालता चालता झोके जाते पोरगी," कांताबाई म्हणाल्या. "जीभ जड झाली. शेजारचे म्हन्तात बाहेरचं कायी असन. मी म्हनलं, पयले दवाखाना."

मी वाकून रूपालीच्या डोळ्यांकडे पाहिलं. बुबुळं थरथरत होती. गोळ्या जास्त घेतल्या की काय या मुलीने? पण विचारू कसं? मी नेहमीचाच प्रश्न विचारला, आवाज शक्य तितका साधा ठेवून. याशिवाय दुसरं काय चालू आहे?

"कायी नाई," कांताबाई म्हणाल्या. मी पाकीट धरून ठेवलं. मग त्या जरा अभिमानानेच बोलल्या, "भल्ला खोकला झाल्ता तिले. मी आपली घरची पिंपरी देऊन रायली दुधात उकळून. चढती."

आमच्या त्या पट्ट्यात विड्याच्या पानांच्या मळ्यांसारखेच पिंपळीचे मळे आहेत. वेल चढवायचे, त्यांना सावली धरायची, शेंगा खुडून वाळवायच्या, असं नाजूक काम. बोलताना सगळे पिंपरीच म्हणतात. खोकल्यावर, दम्यावर पिंपळी देण्याची एक जुनी रीत आहे. रोज एकेक वाढवत न्यायची, ठरलेल्या आकड्यावर पोचली की रोज एकेक कमी करत परत खाली यायचं. वैद्य मंडळी याला वर्धमान पिंपळी म्हणतात. कांताबाईंच्या मळ्यातली ती पिंपळी, त्यांच्या हातची. सुनेवर माया होती म्हणून त्या रोज समोर उभं राहून पाजत होत्या.

पिंपळीत पाइपरीन नावाचा तिखट घटक असतो, मिऱ्यातही तोच. शरीर ज्या यंत्रणेने औषधं मोडून बाहेर टाकतं, ती यंत्रणा तो मंदावतो. आतड्यातून काही औषधं जास्त आत जाऊ देतो. फेनिटॉइनबरोबर पाइपरीन देऊन थोड्या माणसांवर अभ्यास झालेले आहेत आणि त्यांत गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढलेलं दिसलं आहे. हे मी कधीतरी एका प्रशिक्षणात ऐकलं होतं आणि पिंपळीच्या मुलखात नोकरी म्हणून लक्षात ठेवलं होतं. पण ते अभ्यास लहान. दुधात उकळलेली आख्खी पिंपळी रोज चढवत नेली तर काय होईल, हे मी पुढे बरंच शोधलं. मला कुठे सापडलं नाही. पिंपळी वाईट नाही, हेही सांगते. मी स्वतः ती मधातून चाटलेली आहे. प्रश्न पिंपळीचा नव्हता, ती कोणत्या गोळीच्या सोबतीला जाते याचा होता. आणि ती गोळी त्या घरात कोणालाच माहीत नव्हती.

वजन करायचं राहिलं, असं सांगून मी रूपालीला आत घेतलं.

"गोळ्या किती घेतेस?"

"नेहमीच्याच," ती जड जिभेने म्हणाली. "जास्त नाई जी. मायची आन."

"पिंपळी नको म्हणायचं होतंस."

"नाई म्हनलं तं कावून नाई, इचारतात. काय सांगू मी?" मग माझा हात धरून ती रडायला लागली. "त्याइले नका सांगू मॅडम. मले घरी पाठवतीन."

मी डॉक्टरांकडे गेले. तरुण होते, दवाखान्यात नवे, रूपालीला न ओळखणारे, पण ऐकून घेणारे. त्यांनी रूपालीला एकटीला परत तपासलं, रक्त घेऊन अमरावतीला पाठवलं, गोळीचा डोस उतरवला आणि कांताबाईंना सांगितलं, "उष्णता वाढली आहे. पिंपळी बंद करा." ते पुरतं खोटं नव्हतं, पुरतं खरंही नव्हतं. रुग्णाचं गुपित त्याच्या परवानगीशिवाय फोडता येत नाही, आणि रूपालीची परवानगी नव्हती.

अमरावतीचा रिपोर्ट आला. गोळीचं प्रमाण फार वर गेलेलं. मग काही दिवसांनी परत रक्त घेतलं, ते अगदी हवं तेवढं. रूपाली सरळ चालत आली, नीट बोलली, हसलीसुद्धा. डॉक्टर म्हणाले, हाच डोस चालू ठेवू. मी आठवड्यात पहिल्यांदा शांत जेवले.

पुढच्या बाजाराला कांताबाई त्यांच्या बीपीच्या गोळ्या न्यायला आल्या. सहज म्हणून मी विचारलं, "पिंपळी बंद केली ना?"

"झाली जी. परवा संपली."

"परवा?"

"मंग? मंधातच कशी सोडन? चढलो तसं उतरा लागते. एकदम सोडली तं आंगावर येते." त्या मला समजावत होत्या, लहान मुलीला समजवावं तसं. "डॉक्टरसायब म्हनले बंद करा, त्याच दिवसापासून मी उतरवाले घेतली. रोज एक कमी."

आम्ही समजत होतो पिंपळी थांबली. ती थांबली नव्हती, उतरत होती. म्हणजे 'अगदी हवं तेवढं' आलेलं दुसरं रक्त पिंपळीच्या आधाराने तेवढं आलं होतं. गोळी आम्ही कमी केलेली, आणि आता खालचा आधारही निघून गेलेला. 'बंद करा' म्हणजे आजपासून एकही नाही, असं आम्हा शिकलेल्यांना वाटलं. पिंपळी घेणाऱ्या घरात बंद करणं म्हणजे उतरवणं. रीत मला ठाऊक होती, 'बंद'चा हा अर्थ सुचला नाही, पण विचारणं तर माझंच काम होतं.

"कांताबाई, रूपालीला आजच आणा. रक्त बघावं लागेल."

"कायले? चांगली तं हाय. मळ्यात खुडनी चालू हाय." आणि पिशवी घेऊन त्या निघाल्यासुद्धा. मी डॉक्टरांना सांगितलं. तेही म्हणाले, लगेच बोलवा. फोन लावला तर लागेना. बसमध्ये असतील. संध्याकाळी लागला तर कोणी उचलेना. त्या रात्री मी उठून उठून फोन पाहत होते आणि मला तो मळा दिसत होता. त्याच्या कडेला विहीर आहे, एवढं रूपाली कधीतरी बोलली होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी स्कूटी काढली आणि गेले. गावात घर विचारावं लागलं नाही. ज्या दारात बायका जमलेल्या होत्या, तेच घर.

रूपाली बाजेवर होती. कपाळाला फडकं बांधलेलं, डोळे उघडे, पण थकलेले. उशीशी फोडलेला कांदा पडला होता, कोणीतरी हुंगवलेला. पहाटे मळ्यात खुडताना फिट येऊन ती पडली होती, वेलांच्या सरीत. विहीर तिथून लांब नव्हती. कांताबाई जमिनीवर बसल्या होत्या आणि वाळत घातलेल्या पिंपळीकडे बघत होत्या.

"मीच मारली असती लेकरू," त्या म्हणाल्या. "डॉक्टरसायब सांगून रायले बंद करा, तरी मी आपलंच खरं केलं. पिंपरी डोक्शात चढली तिच्या. जाळून टाकतो सारा मळा."

बायका माना डोलवत होत्या. कांताबाईंनी त्यांना घरी जायला सांगितलं आणि मग आम्ही तिघीच उरलो.

खरं सांगते, त्या क्षणी मला मोह झाला. मी नुसतं गप्प बसले असते, तर रूपालीचं घर वाचलं असतं. पिंपळीने फिट आली हे सगळ्या गावाने मान्य केलंच होतं. कांताबाईंनी आयुष्यभर स्वतःला दोष दिला असता आणि कोणाला काही कळलं नसतं. बाजेवरून रूपाली माझ्याकडेच बघत होती. पण मग पुढच्या खोकल्याला काय? पुढच्या तापाला, कुठल्या दवाखान्यातल्या कुठल्या गोळीला? त्या डबीवर कॅल्शियमच लिहिलेलं असणार होतं.

"पिंपळीने फिट येत नाही, कांताबाई," मी म्हटलं.

"मंग कशानं आली?"

पुढचं वाक्य माझं नव्हतं. मी थांबले. मी रूपालीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते सांगितल्यासारखंच झालं असतं.

बाज करकरली. रूपाली उठून बसली होती.

"माया पेटीत कॅल्शियमची डबी हाय," ती म्हणाली. "थे आना, आई. थे कॅल्शियम नोय."

कांताबाईंनी डबी आणली. रूपालीने सगळं सांगितलं, शाळेपासूनचं. कांताबाई ऐकत होत्या आणि डबी हातात फिरवत होत्या.

"तुया मायले माईत व्हतं?"

"हो."

"नीलेशले?"

"नाई."

कांताबाईंचा चेहरा मला वाचता येईना. राग होता, तो दिसला. त्याखाली आणखी काय होतं, ते नाही. त्यांनी मला विचारलं, "मंग हे पिंपरीचं काय?" मी सांगितलं, जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत. पिंपळीने गोळी कशी चढली, आम्ही गोळी कशी उतरवली, आणि पिंपळीही उतरल्यावर कशी कमी पडली.

"अशी गोळी चालू हाय म्हनून सांगतलं असतं," त्या सुनेला म्हणाल्या, "तं मी पिंपरी देल्ली असती का?"

त्यांनी डबी पिशवीत टाकली.

"चाल. पयले दवाखाना. बाकीचं मंग पाहू."

'बाकीचं मग पाहू' हे शब्द मी घरी घेऊन आले. रूपालीचं रक्त परत गेलं, डॉक्टरांनी डोस परत बसवला, कांताबाई सगळा वेळ बाकड्यावर ताठ बसून होत्या. जाताना त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. नंतर रक्त द्यायला रूपाली आली तेव्हाही कांताबाई तिच्या शेजारून हलल्या नाहीत. दोघी आल्या तशा गेल्या.

मी एका वैद्य मॅडमशी फोनवर बोलले. त्या म्हणाल्या, "पिंपळी फार प्रमाणात, फार दिवस देऊ नये, हे आमच्याकडेही सांगितलेलं आहे. आणि आधीची औषधं आम्हीही विचारतो. आम्हाला विचारायला कोणी येतं का?" त्यांचंही खरं होतं. पण मला त्या दिवसांत कोणाचंच खरं पुरत नव्हतं. रूपालीला ठेवतील की पाठवतील, एवढंच डोक्यात. पिंपळीबद्दल त्या वेळी मी गप्प बसले असते तर, हेही. चहा उतू जायचा आणि मी बघत उभी असायची.

महिना झाला. तिच्या गोळ्या संपायचा दिवस मला पाठ होता. बाजार होता, रांग दारापर्यंत. मी सवयीने रांगेचं शेपूट बघत होते, शेवटी कोणी मागे मागे राहतंय का. कोणी नव्हतं. तेवढ्यात खिडकीतून केसपेपर आत आला, आणि ओळखीचा हात.

"माया सुनेच्या फिटच्या गोळ्या द्या, मॅडम," कांताबाई म्हणाल्या. "महिनाभराच्या."

मोठ्याने. बीपीच्या मागाव्यात तशा. मागची बाई वाकून बघायला लागली, तशा कांताबाई वळल्या. "काय पायतं व? तुया घरी कोनाले कायीच नाई का?"

मी गोळ्या मोजायला घेतल्या आणि दोनदा चुकले. "नीलेशला..." मी हळूच म्हटलं.

"सांगतलं मी. दोन दिवस जेवला नाई." त्या पिशवीत काहीतरी शोधत होत्या. "मंग जेवला."

त्यांनी पिशवीतून अडुळशाची पानं काढली आणि खिडकीवर ठेवली. "खोकून रायली पुन्हा. पिंपरी तं नाईच आता. पन हे चालन का त्या गोळीसंग?"

मी पानांकडे पाहिलं. या गोळीबरोबर अडुळसा. नेमकं ठाऊक नव्हतं, आणि अंदाजाने सांगायची माझ्यात हिंमत उरली नव्हती.

"माहीत नाही, कांताबाई. विचारावं लागेल."

"तुमाले बी माईत नाई?"

"नाही."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग पानं परत पिशवीत घातली, रांगेतून बाजूला झाल्या आणि समोरच्या बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या.

"इचारा," त्या म्हणाल्या. "थांबतो मी."